दुपारचं माप

१

कुरुंद्यात मला लोक कुकरवाला बालाजी म्हणून ओळखतात. हळद शिजवायचे स्टीलचे कुकर बनवणं हा माझा धंदा. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड आहे, शेडच्या मागे दोन खोल्यांचं घर, आणि शेडला लागून एक कोठी. वडलांच्या काळात कोठीत हळदीची पोती राहायची. पोती गेली, पण फरशीचा पिवळेपणा काही गेला नाही. आता तिथे माझी बायको प्रियदर्शनी शिलाई मशीन घेऊन बसते आणि ताडपत्र्या शिवते. कोठीला एकच दार, तेही शेडमधून.

दसऱ्यापासून होळीपर्यंत मला मान वर करायला फुरसत नसते. होळीनंतर काम ओसरतं. मग मी दुपारी जेवलो की शेडमधल्या बाजेवर आडवा होतो, तो चार वाजेपर्यंत. ती झोप कोणी मोडली तर मी त्याचा बाप काढतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

गावाला आणखी एक गोष्ट माहीत आहे. मी संशयी आहे. प्रियदर्शनी पुसेगावची, लग्नाला नऊ वर्षं झाली. दिसायला चारचौघींसारखीच, पण हसली की माणूस दोन मिनिटं जास्त थांबतो. ती भाजीवाल्याशी हसून बोलली तरी मी दारात येऊन उभा राहतो. तिला कोणी माझ्यापासून तोडलं तर माझ्याकडे एक शेड आणि भंगार पत्रे उरतील, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी तिच्यावर ओरडतो. शहाणा माणूस उलटं करेल, पण मी काही शहाणा नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणालच की हा माणूसच तसला. आहे मी तसला. पण पट्ट्यावरची घामाची रेघ काही माझ्या स्वभावामुळे पडली नव्हती.

२

सुरज शिरड शहापूरचा. आधी माझ्याकडे वर्षभर वेल्डिंग शिकला, मग कोकणात गेला आणि पाणबुड्या झाला. मालवणकडे पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवतो. होळीला गावी आला तेव्हा त्याने पिशवीतून एक स्टीलचा पत्रा काढून माझ्या पुढ्यात ठेवला.

"बालाजीभाऊ, असा दुसरा व्हईल का तुमच्याच्यानं?"

पत्रा चहाच्या ट्रेपेक्षा थोडा मोठा, तीन मिलीमीटर जाडीचा. मधोमध उभी नाळी, म्हणजे माणसाचा कणा स्टीलला टेकत नाही. कडांना लांबट खाचा. त्या खाचांमधून दोन इंच रुंद काळा पट्टा ओवायचा, एकच अखंड: खांद्यावरून पुढे, काखेतून मागे, कमरेवरून परत पुढे. पट्ट्यावर स्टीलच्या चापा सरकवून तो माणसाच्या मापाला बसवायचा. पाण्याखाली हवेचं सिलिंडर माणसाच्या पाठीला धरून ठेवणं एवढंच त्या पत्र्याचं काम. सुरज म्हणाला, बाहेरदेशचा फार महाग पडतो, आणि इथले स्वस्तातले पत्रे कडेला धारदार असतात, पट्टा कापतात.

मला हे काम आवडलं. कुकर म्हणजे ढोबळ काम, डोळे मिटून होतं. इथे प्रत्येक खाच आधी ड्रिल करायची, मग कानशीने आतून इतकी गुळगुळीत करायची की करंगळी फिरवली तर काही लागू नये. दोन दिवस खपून मी पहिला पत्रा केला. आम्ही त्याला 'पाठ' म्हणायला लागलो. पट्टा ओवायचं काम प्रियदर्शनीने घेतलं, कारण जाड शिलाईची मशीन तिची.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. भांडं रिकामं घराबाहेर द्यायचं नाही. शेजारणीची वाटी परत करतानाही तिच्यात चिमूटभर साखर तरी घालतात. माझी आई कुकर गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरवर चढवण्याआधी त्याच्यात पसाभर ज्वारी टाकायची, आणि आता प्रियदर्शनी टाकते. पाठ तयार झाली तेव्हा ती पाठ हातात घेऊन विचार करत बसली.

"याच्यात ज्वारी कशी ऱ्हाईल? याच्यात तर माणूस ऱ्हातो," ती म्हणाली. "एकडाव तुमी घालून काढा. मंग देऊ."

मी म्हटलं, बरं. शेडच्या तोंडाशी उभा राहिलो. तिने पट्टे खांद्यावर चढवले, चापा सरकवल्या, कमरेचं बक्कल लावलं. समोर भिकाबाईच्या चहाच्या टपरीवर चार टाळकी बसलेली होती. त्यातला जळबा ट्रॅक्टर ड्रायव्हर ओरडला, "अरे, बालाजीला जू घातलं! औत कुटं हाय, औत?"

सगळी टपरी हसली. ते मी सोडून दिलं असतं. पण प्रियदर्शनीही हसली, जळबाकडे बघून हसली, आणि मी पाठ अंगावरून ओरबाडून काढली.

"मी काय बैल हाय का? यापुढं मला सांगू नको हे नखरे."

"अवो, पर रिकामी कशी द्यायची?"

"कोणालाबी घाल."

"कोणालाबी?"

"व्हय, कोणालाबी घाल! दुपारी मला उठवू नको म्हंजे झालं."

तिने लोंबणारे पट्टे गोळा केले. पाठ उचलून कोठीत गेली.

३

पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा सगळे पाणबुडे आपलं सामान दुरुस्त करून घेतात. सुरजने आमची पाठ मालवणात दाखवली आणि मागणी सुरू झाली. आधी दोन, मग पाच, मग अंदमानहून सहा. कुकरचं काम नसताना हात चालू राहिले म्हणून मी खूश होतो. पाठी तयार करून कोठीत नेऊन द्यायचो. दोन दिवसांनी त्या पट्ट्यासकट तयार होऊन भिंतीच्या खुंट्यांवर लटकलेल्या दिसायच्या. तिने घालून पाहायला कोणाला बोलावलं हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला तो विषयच नको होता.

जूनच्या शेवटी सुरजचा फोन आला.

"भाऊ, वहिनीच्या हाताला काय हाय कळत न्हाई. नवा पट्टा लई कडक असतो, बसवायला दिस दिस जातो. तुमची पाठ मातर खोक्यातून काढली की माणूस म्हनतो, ही आदीच कोणीतरी आंगाला बसवल्याली हाय."

पत्रा मी कापतो, खाचा मी कानसतो, फोड माझ्या हातांना, आणि कौतुक वहिनीच्या हाताचं. मी बरं म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी एक पाठ वसमतच्या कुरिअरला द्यायची होती. एरवी खोकं ती भरते. त्या दिवशी रागारागाने मी भरायला घेतलं, आणि उजेडात पट्टा हातात धरला.

काळ्या पट्ट्यावर, खांद्याच्या जागी, पांढरी रेघ होती. नागमोडी, बारीक. उन्हातान्हात काम करणाऱ्याच्या सदऱ्यावर घाम वाळला की पडते तशी. मी नखाने खरवडली. मग इकडेतिकडे बघून जिभेला लावली. खारट होती.

पट्टा नवाकोरा, पुण्याहून गुंडाळीत आलेला. आणि तो कोणीतरी घामेजेपर्यंत अंगावर घातलेला होता.

४

संशयाला औषध नसतं म्हणतात. पण मी मापाचा माणूस आहे. मी आरडाओरडा केला नाही. प्रियदर्शनी पाणी भरायला गेली तेव्हा कोठीत शिरलो आणि खुंटीवरची एक पाठ उतरवून स्वतःच्या अंगावर चढवली.

चार बोटं ढिली. छातीशी, काखेशी, कमरेशीही. मी काही बारका माणूस नाही, पण पट्टा माझ्या अंगावर लोंबत होता. शिवाय डावीकडचा पट्टा उजवीकडच्यापेक्षा एक बोट लांब सोडलेला. म्हणजे ज्याच्यावर तो बसवला त्याचा डावा खांदा खाली असणार. मी भिंतीवरच्या आरशात पाहिलं. माझे दोन्ही खांदे सारखे दिसले.

खुंट्यांवर आणखी चार पाठी होत्या. चारही घातल्या. चारही तशाच, चार बोटं ढिल्या, डावा एक बोट लांब. म्हणजे माणूस एकच होता, आणि तो परत परत येत होता.

आता तुम्ही हसाल. मी टेप खिशात घालून गावात फिरायला लागलो. जळबाला म्हटलं, तुझ्यासाठी टीशर्ट मागवतोय, छाती मोजू दे. तो गडी खूश झाला, म्हणाला, "बालाजी, तू फुकट देतोस? बिमार हायेस का?" त्याची छाती माझ्याहून बारीक निघाली. कुरिअरवाल्याचं नाव मनात आलं, पण तो काडीसारखा. तिचा भाऊ पुसेगावहून आला तेव्हा त्यालाही गप्पा मारत मारत पाठीवर थाप मारून अंदाज घेतला. सख्ख्या भावाचा संशय घेतो म्हणजे हद्द झाली, हे मलाही कळत होतं. पण हात थांबत नव्हता.

राहिला सुरज. तोच असणार, असं मी मनाशी ठरवलंच होतं. वहिनी वहिनी करतो, फोन करतो, दिसायला दांडगा. जुलैत तो घरी आला तेव्हा मी स्वतः पाठ त्याच्या अंगावर चढवली. चापा एकेक करून ओढल्या.

दोन बोटं ढिली.

"कोणाचं माप हे, भाऊ?" सुरजने खांदे हलवून पाहिले. "गडी लई मोठा दिसतो. कुरुंद्यातला हाय का?"

मी म्हटलं, असंच अंदाजाने केलंय. प्रियदर्शनी चहा घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी उगाच खोटं बोललो.

५

त्यानंतर मी दुपारी झोपलो नाही. नुसता बाजेवर डोळे मिटून पडायचो.

पहिले दोन दिवस काही नाही. मशीनचा आवाज, मधेच कात्रीचा, पत्र्यावर पावसाची रिपरिप. शेडच्या तोंडाशीच माझी बाज. कोणाला कोठीत जायचं तर माझ्या पायाशी येऊन, अर्धवट जोडलेल्या कुकरला वळसा घालून जावं लागतं. मांजर गेली तरी मला कळेल.

तिसऱ्या दिवशी अडीचच्या सुमाराला मशीन थांबली. मग पट्टा खाचेतून ओढल्याचा आवाज आला, सरकन. मग चाप सरकल्याचा: टक. परत टक. हे आवाज माझ्या ओळखीचे. पट्टा मांडीवर घेऊन ओवला तर चाप हलकी सरकते. अंगावर ताणून बसवताना ती दाबून सरकवावी लागते आणि असा आवाज येतो.

मग प्रियदर्शनीचा आवाज, हलका.

"हात वर करा."

पट्टा परत सरकला.

"आता? बरं हाय का?"

आणि ती हसली. मोठ्याने नाही. नवी नवरी असताना हसायची, तसं काहीसं. मी ते हसू सहा-सात वर्षांत ऐकलं नव्हतं. मी बाजेची दोरी घट्ट धरली. मी स्वतःला समजावलं, फोनवर असेल, आईशी बोलत असेल. आईलाही ती अहोजाहो करते. तेवढ्यात माझ्या उशाशी काहीतरी थरथरलं. तिचा फोन होता तो. शेडमधल्या बोर्डाला चार्जिंगला लावलेला.

मी धावलो. कुकरला अडखळलो, गुडघा फुटला. कोठीचं दार ढकललं.

ती एकटी होती. स्टुलाशी उभी, हातात पाठ, पट्टे मोकळे सोडलेले. खिडकीला गज, मागे सलग भिंत. मशीनखाली पाहिलं, ताडपत्र्यांच्या ढिगात हात घातला. ती नुसती बघत राहिली.

"काय शोधून राहिलेत?"

मी तिच्या हातातून पाठ हिसकावली. बाहेर झड लागलेली, हवा गार, शेडमधलं सगळं स्टील गार पडलेलं. पाठ आतल्या बाजूने गरम होती. दोन्ही अंगांना गरम, आणि मधे नाळीत, जिथे माणसाचा कणा टेकत नाही, तिथे गार.

६

"कोण येतं?" मी विचारलं.

"कुटं?"

"सोंग करू नको. दुपारचा कोण येतो इथं? कोणाला पट्टे घालतीस तू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. घाबरली नव्हती, आणि त्याचंच मला भय वाटलं. चोरी पकडल्यावर माणूस निदान डोळे तरी फिरवतो.

"तुमालाच," ती म्हणाली. "अवो, तुमीच तर येता."

"मी झोपलेलो असतो."

"जेवण झालं की जरा पडता. मंग उठून येता. पाठ करून उभे ऱ्हाता. मी पट्टे बसवते, तुमी एक शब्द बोलत न्हाई. मंग जाता." तिने खुंटीवरची एक पाठ सारखी केली. "मला वाटलं, त्या दिशी वरडलात त्याचं वाईट वाटलं आसंल तुमाला. म्हनून गुपचूप येता. मी बी मंग बोलून दाखवलं न्हाई."

"तोंड पाह्यलंस का माझं?"

"पाठ करून उभे ऱ्हाता की. आन तोंड काय पाह्याचं, रोजचंच हाय. नऊ वरसं झाली, तुमची पाठ मी वळखत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, माप माझं नाही. घालून दाखवतो, चार बोटं ढिली आहे. तिने ऐकून घेतलं, मग मान खाली घालून पट्टा गुंडाळायला लागली.

"तेवढाच येळ तुमी माज्यावर वरडत न्हाई," ती म्हणाली. "तेवढा एक येळ मला बरं वाटतं. तो बी आता काढून घेता का?"

मी बाहेर आलो. रात्रभर मी दोन गोष्टी तागडीत घालत राहिलो. एक तर ती हुशार आहे, चोरट्याला वाचवायला नवऱ्याचंच नाव पुढे केलं. कोणता नवरा स्वतःवर संशय घेईल? किंवा मी झोपेत चालतो, झोपेत जाऊन उभा राहतो. पण झोपेत माणूस चार बोटं मोठा होत नाही. आणि आज तर मी जागा होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तो कोण आहे याच्यापेक्षा तो तिच्याशी इतका नीट कसा वागतो याचा मला जास्त राग येत होता.

७

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज मीच जाणार. तो येण्याआधी जाणार. जागा माझी आहे, तर माझ्या जागेवर मी उभा राहीन.

दोन वाजता कोठीत गेलो. काही बोललो नाही. सांगितलं होतं तसं तिच्याकडे पाठ करून, पिवळ्या फरशीवर उभा राहिलो. मशीन थांबली. ती उठल्याचं कळलं. पाठ माझ्या पाठीला टेकली, पट्टे खांद्यावरून पुढे आले.

तिने चाप धरली, ओढली. पट्टा लोंबला. परत ओढली. तिचा हात माझ्या खांद्यावर आला, बोटांनी हाड चाचपलं, आणि तिथेच थांबला.

"आज काय झालं तुमाला?" ती हळूच म्हणाली. "वाळल्यावानी लागता."

मला म्हणायचं होतं, हा मीच, नेहमीचा, असाच आहे मी. पण तो बोलत नाही म्हणून मीही बोललो नाही. मला वाटलं, गप्प राहिलो तर ती हसेल. त्या एका हसण्यासाठी मी जीव मुठीत धरून उभा होतो, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

ती हसली नाही. तिने डावी चाप वर सरकवली, मग उजवी, मग कमरेची. प्रत्येक वेळी हात लागला की लगेच मागे घेत होती. बसमधे परक्या माणसाला चुकून धक्का लागला की बाई घेते, तसा. शेवटी ती दोन पावलं मागे सरली.

"जरा वळा," ती म्हणाली. "तोंड पाहू द्या."

मी वळलो. तिने माझं तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुमीच हायेत," ती म्हणाली, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "मंग रोज..."

तिने पुढचं गिळलं. मला वाटलं, आता घाबरेल, रडेल, मला बिलगेल. मी हातही पुढे केला होता. पण तिच्या चेहऱ्यावर भय नव्हतं. शेजारच्याला बोलावलं असताना आपण चुकून आत आलो की लोकांच्या तोंडावर जी निराशा दिसते ती होती. तिने बक्कल सोडलं, पाठ खुंटीवर टांगली आणि मशीनवर जाऊन बसली.

त्या रात्री ती माझ्याशी नीट बोलली. भाकरी गरम वाढली. पाहुण्याला वाढतात तशी, अजून घ्या, अजून घ्या म्हणत.

८

परवा मी बाजेवर पडलोच नाही. पोत्याचा आडोसा करून कुकरच्या मागे उभा राहिलो. तिथून शेडचं तोंडही दिसतं आणि कोठीचं दारही. भिकाबाईच्या टपरीवर कोणी नव्हतं. पाऊस उघडला होता. अडीच वाजले.

शेडमधे कोणी आलं नाही. हे मी शपथेवर सांगतो. माझी नजर एकदाच हलली, बाजेकडे गेली. बाज रिकामी होती, आणि तिची दोरी मधे दबून नुकती वर येत होती. कोणी उठून गेल्यावर येते तशी.

मशीन थांबली.

मी चालत गेलो. धावलो नाही. कुकरला वळसा घातला. दार अर्धं उघडं होतं.

आत एक माणूस पाठ करून उभा होता. अंगात बनियन, त्यावर स्टीलची पाठ, आणि पट्टे चांगले भरलेले, कुठेही ढिले नाहीत. डावा खांदा जरा खाली. मी त्याच्या मानेकडे पाहिलं. मानेवरचे केस बारीक कापलेले, उजव्या कानामागे ठिणगी उडून भाजल्याचा डाग. मी वेल्डिंग करतो, माझ्याही मानेवर डाग असतील. पण माणसाने आपली मान कधी पाहिलेली असते? मी आठवायचा प्रयत्न केला आणि मला ती आठवेना. समोर मी उभा आहे की नाही, हे ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

प्रियदर्शनीचा तळवा स्टीलवर सपाट टेकलेला होता. ती त्या पाठीकडे बघून हसत होती. मग तिला दारातला उजेड बदललेला कळला. मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. हसू तसंच राहिलं, फक्त अनोळखी माणसापुढे बाई पदर सारखा करते तसा तिने केला.

"कोण पाहिजे?"

"अगं," मी म्हटलं. "मी."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. राग नव्हता, खोटेपणा नव्हता. नऊ वर्षांत तिने माझ्याकडे इतक्या शांतपणे कधी पाहिलं नव्हतं.

"मालक कामात हायेत," ती म्हणाली. "भाईर बसा थोडं."

मला आत जायचं होतं. त्याचा खांदा धरून त्याला वळवायचं होतं, हे माझं घर आहे, ही माझी बायको आहे, असं ओरडायचं होतं. ओरडणं तर मला चांगलं येतं. पण आवाज काढायला तोंड उघडलं तेव्हा पट्टे जरासे ताणले गेले. त्याने श्वास घेतला होता. आणि तो बोलला, पहिल्यांदाच.

"कोण हाय गं?"

आवाज माझा होता. फक्त तिच्याशी इतक्या मऊपणे मी कधी बोललो नव्हतो.

"कोणी न्हाई," प्रियदर्शनी म्हणाली, आणि पुढची चाप सरकवली.

मी दार लोटून घेतलं आणि बाहेर बाजेवर जाऊन बसलो.